डावीकडची रांग

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आमच्या धर्मसंघाच्या वरिष्ठांना नाही, एका छपराखाली राहणाऱ्या फादरांना नाही. आणि — इथं तुम्ही हसाल — ज्या म्हाताऱ्या फादरांपुढे मी स्वतः दर महिन्याला गुडघे टेकून पापनिवेदन करतो, त्यांनाही नाही. हो, आम्हालाही पापं असतात आणि ती आम्हालाही सांगावी लागतात. मी सांगतो की. चिडलो, प्रार्थनेत डुलकी काढली, साखर वाढलेली असताना सिस्टरांच्या नजरेआड दुसरा लाडू खाल्ला. लाडवापर्यंत मी अगदी प्रामाणिक असतो. त्याच्या पुढे आलो की वळसा घालतो.

तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. चेहरा न दिसता ऐकणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल — पण थांबा. तिथं येतो. आधी मला जरा मिरवू द्या.

कारण गेल्याच महिन्यात माझ्या गुरुदीक्षेला, म्हणजे मी धर्मगुरू झालो त्याला, पन्नास वर्षं झाली, आणि आमच्या विश्रांतवाडीच्या लोकांनी जो काही सोहळा केला, त्याला तोड नाही. आळंदी रस्त्यापर्यंत पताका. बँड. चर्चच्या आवारात मांडव, त्यात हिंदू शेजारी, मुसलमान शेजारी, संगमनेर-श्रीरामपूरकडून आलेले माझे पाहुणे, खडकीचे, येरवड्याचे, कॅम्पातले. माझा फोटो एवढा मोठा छापला होता की नाकावरचा तीळ रिक्षास्टँडवरून दिसावा. मी कमी खूश झालो असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल. मी फार खूश झालो. हार गळ्यात घालून घेताना मान मुद्दाम जरा लवकरच पुढे केली.

आणि भाषणं! प्रत्येकाच्या तोंडी एकच. फादर ऐकून घेतात. शाळा काढली, मुलांची वसतिगृहं बांधली, दंगलीच्या दिवसांत दोन्हीकडच्या लोकांना चर्चच्या हॉलमध्ये झोपवलं, हे सगळं बोलून झालं की शेवटी तेच — पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आमचे फादर ऐकून घेतात. टाळ्या. फोटोखाली तर ते सोनेरी अक्षरांत छापलंच होतं.

ते खरं नाही.

म्हणजे आज खरं आहे. पण ज्या वर्षांबद्दल ते बोलत होते, त्या वर्षांबद्दल खरं नाही.

तुम्ही कधी आमच्या चर्चमध्ये आला नसाल तर सांगतो. पापनिवेदनाची एक लाकडी पेटी असते. कपाटच म्हणा ना, एक माणूस आत बसेल एवढं. फादर आत बसतात. बाजूला जाळीची खिडकी, तिच्यावर जांभळा कापडी पडदा. येणारा माणूस बाहेर गुडघे टेकतो, जाळीपाशी तोंड नेतो आणि कुजबुजतो. त्याचा चेहरा फादरांना दिसू नये, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांना शब्द ऐकू जाऊ नये, एवढी सगळी सोय. फादर ऐकतात, चार शब्द सांगतात, प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना म्हणायला लावतात, आणि देवाच्या वतीनं क्षमा देतात.

आमच्याकडे अशा दोन पेट्या. उजवीकडे फादर रेमंड, आमच्या घराचे सुपिरिअर, म्हणजे प्रमुख. मंगळुरी, करड्या शिस्तीचे, मोठ्या मनाचे. डावीकडे मी. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शनिवारी दुपारी दोन्ही पेट्या उघडायच्या. फादर रेमंडांपुढे तीन-चार म्हाताऱ्या, त्याही गुडघेदुखीमुळे लांब रांगेत उभं राहवत नाही म्हणून तिकडे गेलेल्या. आणि माझी रांग — दाराबाहेर, पायऱ्यांवरून खाली, पेरूच्या झाडाला वळसा घालून थेट फाटकापर्यंत. बसनं माणसं यायची. स्वतःच्या भागातलं चर्च सोडून यायची. फादर रेमंड पेटीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघायचे आणि संध्याकाळी जेवताना म्हणायचे, "तुज्याकडे काय प्रसाद वाटतात काय रे? माज्याकडे पण तोच देव हाय."

मी हसायचो. मला फार आवडायचं ते.

लोक का यायचे? मी रागावत नसे. मधे बोलत नसे. फादर रेमंड विचारायचे — किती वेळा? कोणाबरोबर? मग घेतलेलं परत केलंस का? मी काहीच विचारत नसे. माणूस बोलत राहायचा, मी शांत. त्याचं संपलं की मी अगदी मऊ आवाजात म्हणायचो: बाळा, देवाला तुझं मन माहीत आहे. घरी जा. घरच्यांशी प्रेमानं राहा. ज्यानं दुखावलं असेल त्याला क्षमा कर. तीन वेळा नमो मरिया म्हण. आणि क्षमा.

बाहेर येताना माणसं रडत असायची. फादरनी नेमकं माझ्या मनातलं सांगितलं, म्हणायची. कोणाच्या घरात भांडण नसतं? कोणाला कोणीतरी दुखावलेलं नसतं? सगळ्यांना एकच चावी, आणि प्रत्येकाला वाटायचं ती आपल्याच कुलुपाची.

आता कळलं असेल तुम्हाला. तरी मला ते माझ्या तोंडानं म्हणायला हवं.

मी बहिरा होतो.

हे लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो.

सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिकत असताना मला क्षय झाला. सहा महिने इंजेक्शनं घेतली, जीव वाचला, आणि त्या इंजेक्शनांनी कान खाल्ले. डावा पूर्ण गेला. उजव्यात थोडं उरलं. समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळायचं. पण मी हुशार होतो, आणि हे मी फुशारकीनं सांगतोय. दोन-तीन वर्षांत मी ओठ वाचायला शिकलो. असा शिकलो की वर्गात पहिला आलो. कोणाकडे पाठ करून उभा राहायचो नाही, जेवताना टेबलाच्या टोकाला बसायचो, अंधार पडला की बोलणं टाळून जपमाळ हातात घ्यायचो. सगळे म्हणायचे, किती प्रार्थनाशील मुलगा आहे!

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? भीती वाटली. बहिऱ्याला कोण धर्मगुरू करणार? छापखान्यात पाठवतील, बागेत पाठवतील. तीही सेवाच, आमच्या संघातले कितीतरी ब्रदर आनंदानं ती करतात. पण मला वेदीपुढे उभं राहायचं होतं. आमच्या गावात माझ्या बापाला देवळाच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, आणि मी वेदीवर उभा राहणार होतो. ती शोभा मला हवी होती. मी गप्प बसलो.

समोरासमोर मी कोणालाही गुंडाळायचो. प्रवचनात तर माझा हात धरणारं कोणी नव्हतं, तिथं ऐकायचं असतं लोकांनी. पण पेटीत? जाळी, पडदा, अंधार आणि कुजबुज. ओठ दिसत नाहीत, आवाज पोचत नाही. एक शब्द नाही. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या शनिवारी मी त्या पेटीत बसलो आणि पडद्यापलीकडे एक माणूस बोलतोय एवढंच मला सावलीवरून कळलं. काय करावं? उठून पळावं? सावली हलायची थांबली तेव्हा मी ते चार शब्द बोललो. घरी जा. प्रेमानं राहा. क्षमा कर. तीन नमो मरिया. सावली उठली, बाहेर प्रकाशात गेली, आणि मी फटीतून बघितलं तर तो माणूस डोळे पुसत होता. समाधानानं.

जमलं की, म्हटलं.

आणि मग ते तीस वर्षं जमत राहिलं.

कोणी रडायला लागलं तर पेटीचं लाकूड थरथरायचं. माझा कोपर खिडकीच्या चौकटीला टेकलेला असे, त्यातून कळायचं. मग मी जरा जास्त वेळ थांबायचो. एवढाच माझा विवेक. झोप कशी लागायची, विचाराल. छान लागायची. मी धर्मशास्त्र शिकलो होतो ना! माणसानं खऱ्या मनानं सांगितलं की देव क्षमा करतो, देवाला काही कान कमी नाहीत. त्यांची पापं धुतली जात होती, त्यात शंका नाही. मग माझ्या कानांवाचून कोणाचं काय अडलं? हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं की ते मला पाठ झालं.

एकदा फादर रेमंडांनी सुचवलं, आता नव्या पद्धतीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसता येतं, आपणही तसं करू. म्हणजे उजेडात! ओठ दिसले असते. देवानं हातात आणून दिलं होतं. पण माझं टक लावून ओठांकडे बघणं लोकांच्या ध्यानात आलं असतं, मान खाली घालून बोलणाऱ्याला मला सांगावं लागलं असतं, वर बघ, मोठ्यानं बोल. मी कडाडून विरोध केला. लोकांच्या लाजेचं काय, म्हटलं. गरिबाला निदान पडदा तरी असू द्या. फादर रेमंडांना ते इतकं पटलं की त्यांनी माझी पाठ थोपटली. तो पडदा कोणासाठी होता, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

आता मार्थाबद्दल.

तिनं मला सांगितलंय, माझी गोष्ट कोणालाही सांगा, नाव घालून सांगा. आणि ती तिनं मला भरदिवसा, व्हरांड्यात, खुर्चीवर बसून सांगितली. पापनिवेदनात कळलेलं मी मेलो तरी बोलणार नाही. खरं तर त्या तीस वर्षांतलं काही बोलायची मला सोयच नाही. माझ्याइतकं गुपित राखणारा धर्मगुरू अख्ख्या पुण्यात झाला नसेल.

मार्था नेवाशाकडची. नवरा खडकीला कारखान्यात. पगार चांगला, हात वाईट. एका शनिवारी तिनं दोन लुगडी आणि मुलीचे कपडे पिशवीत भरले आणि घर सोडलं. गावाला भावाकडे जायची बस संध्याकाळची होती. पण जायच्या आधी तिला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं — लग्न देवासमोर लागलंय, नवऱ्याला सोडून गेले तर ते पाप होईल का? ते विचारायला ती माझ्या रांगेत उभी राहिली. फादर रेमंडांच्या नाही. त्यांच्यापुढे कोणीच नव्हतं. ती दोन तास माझ्या रांगेत उभी राहिली, कारण सगळे म्हणायचे, डावीकडचे फादर ऐकून घेतात.

तिनं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून परत विचारलं. लाकूड थरथरलं असणार. मी जरा थांबलो असणार. आणि मग म्हणालो, बाळा, देवाला तुझं मन माहीत आहे. घरी जा. घरच्यांशी प्रेमानं राहा. ज्यानं दुखावलं असेल त्याला क्षमा कर.

ती घरी गेली.

आणि एक गोष्ट मार्थाला आठवत नाही, मला आठवते. मधेच मी पाय मोकळे करायला बाहेर आलो होतो. पायरीवर एक लहान मुलगी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. फुगलेली पिशवी, वर मुलीचा फ्रॉक डोकावत होता. मुलीच्या गालावर वळ होता. मी खिशातून पेपरमिंट काढून तिला दिलं, डोक्यावर हात फिरवला आणि आत गेलो. माझे डोळे तर धड होते ना? ओठांची हालचाल टिपणारे डोळे! पिशवी दिसली, वळ दिसला. विचारलं नाही. विचारलं की ऐकावं लागतं, आणि ऐकणं टाळायची मला इतकी सवय झाली होती की दिसलेलंही मी टाळलं.

पुढचं मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी. एका दुपारी एक उंच, धिप्पाड बाई स्कूटरवरून आवारात शिरली, चारखणी डबा घेऊन व्हरांड्यात आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी विचारलं, कन्फेशन? ती म्हणाली, "न्हाई फादर. आज कन्फेशनला न्हाई आले. भांडाया आले."

आणि भांडली. आवाज असा खणखणीत की उजव्या कानातही पोचत होता, आणि ओठ तर मी वाचतच होतो.

"तुमी मला घरी धाडलं व्हतं. म्या ऐकलं तुमचं. दीड वरीस मार खाल्ला. ह्यो हात मोडला, बघा. मग एक दिस म्या कुनालाच न्हाई इचारलं. तुमाला न्हाई, देवाला न्हाई. पोरीला उचललं आन् निघाले."

मी काही बोलणार, तर तिनं हात वर केला.

"मार हाडाला लागतो, फादर, हाड जुळतं. पर मला वाटायचं, देवानं समदं ऐकलं, आन् ऐकून परत पाठवलं. मग आता कुनाकडं जायाचं? ते जास्त लागलं."

मग तिनं डबा उघडला. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. सिस्टरांच्या वसतिगृहात आधी भांडी घासली, मग स्वयंपाक धरला, मग चार डबे, मग चाळीस, आणि आता विश्रांतवाडीच्या चौकात स्वतःची खाणावळ, बाहेर दुपारी रांग. मुलगी नर्सिंगला. "तुमच्यापरास माझी रांग मोठी हाय आता," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "जेवा. तुमी चुकला व्हता एवढंच सांगाया आले."

अहो, काय बाई! तिला देवाच्या नावानं परत ढकललं होतं, आणि ती देवाशीही न भांडता, माझ्यावरही न थुंकता, स्वतःच्या पायावर उभी राहून मला जेवू घालायला आली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली. आणि त्याच क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. मार्था, मी तुझं ऐकलंच नव्हतं.

ते वाक्य तोंडाशी आलं होतं. मी काय बोललो, माहीत आहे? हात जोडले आणि म्हणालो, "मी चुकलो, मार्था. मला क्षमा कर."

ती रडली. मीही रडलो. तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं, फादर असून बाईमाणसाची माफी मागितली. माझं नाव आणखी मोठं झालं. काय नम्रता, काय मन! आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. चुकलेला फादर लोकांना चालतो, आवडतोसुद्धा. बहिरा फादर चालला नसता. म्हणून मी कधी न दिलेल्या सल्ल्याची माफी मागून मोकळा झालो आणि केलेली गोष्ट तशीच झाकून ठेवली. बहिरेपण माझ्या नशिबी आलं होतं. ही माफी मात्र मी शुद्धीत, उजेडात, तिच्या डोळ्यांत बघून केलेली लबाडी. मला जास्त लाज हिची वाटते.

पण तिनं आणलेली भाकरी गोड लागेना. त्याच आठवड्यात मी साधा शर्ट घालून सदाशिव पेठेत एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं मला कोणी ओळखणार नाही, म्हणून. डॉक्टर वयस्कर, चष्मा कपाळावर. कान तपासले, यंत्र लावून तपासले.

"हे कधीपासून?"

"झाली थोडी वर्षं."

"थोडी?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "आपण करता काय?"

"धर्मगुरू आहे. लोकांचं ऐकून घेतो."

त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. म्हणाले, "वा. चालू द्या." आणि श्रवणयंत्राची चिठ्ठी लिहिली.

ते यंत्र घेतलं, बुधवार पेठेत जाऊन त्याचे सेल घेतले, फादर रेमंडांना सांगितलं की वयोमानानं जरा कमी ऐकू येतंय. जरा! ते म्हणाले, म्हातारा झालास तर. आणि शनिवारी मी पेटीत बसलो.

कसं सांगू तुम्हाला? आधी पेटीच ऐकू आली. ते लाकूड करकरतं हे मला माहीतच नव्हतं. मग रांगेतला खोकला, जपमाळेच्या मण्यांचा आवाज, पेरूच्या झाडावरचे पोपट. आणि मग पडद्यापलीकडून एक श्वास, आणि एक माणूस. काय बोलला ते सांगणार नाही. कधीच नाही. पण मी ते ऐकलं! पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, आणि तो थांबल्यावर मी विचारलं — मग पुढे काय झालं? तो दचकला. मीही दचकलो. तीस वर्षांत माझ्या पेटीतून प्रश्न बाहेर पडला नव्हता. त्या एका माणसाला अर्धा तास लागला, आणि तो उठला तेव्हा मी आत बसून लहान पोरासारखा रडत होतो, आणि हसत होतो. गुरुदीक्षा माझी त्या दिवशी झाली, असं मी मानतो.

माझी रांग मात्र मोडली. फादर आता फार विचारतात, फार वेळ लावतात, लोक म्हणायला लागले. महिन्याभरात उपवासकाळातसुद्धा पाच-सहा माणसं. बाकीचे उजवीकडे गेले, फादर रेमंडांकडे — ते बिचारे गोंधळले, त्यांना इतक्या पापांची सवय नव्हती. मी माझ्या पाच-सहा माणसांसाठी राजासारखा बसायचो. ती छोटी रांग हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं यश आहे, आणि सोहळ्यात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळे त्या फाटकापर्यंतच्या रांगेबद्दलच बोलले.

जेवण मार्थाच्या खाणावळीचंच होतं. सगळ्या मांडवाला पुरून उरलं. शेवटी लोकांनी तिला व्यासपीठावर ओढलं. तिनं पदर खोचला, माईक धरला आणि म्हणाली, "म्या फादरचं न्हाई ऐकलं, म्हणून ह्यो मांडव आज जेवतोय! आन् फादर एवढे मोठे, की त्यांनी ते कबूल केलं." मांडव नुसता गर्जला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिची मुलगी, आता हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर, पुढच्या रांगेत उभी राहून बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. माईक माझ्या हातात आला. सगळे गप्प झाले. ते एक वाक्य बोलायला यापेक्षा चांगली वेळ कोणती?

मी आभार मानले आणि बसलो.

म्हणून आता इथं. ही पानं छापायला जातील, पण त्याआधी मार्थाच्या गल्ल्यावर पोचतील. पुढचं तिच्यासाठी लिहितोय, तुम्ही ऐकलंत तरी चालेल.

मार्था, त्या शनिवारी तू जे विचारलंस ते मी ऐकलं नव्हतं. एक शब्दही नाही. तुला परत पाठवलं ते देवानं नाही, आणि चुकलेल्या फादरनंही नाही. मी बहिरा होतो, ते लपवून तिथं बसलो होतो, आणि सगळ्यांना जे म्हणायचो तेच तुला म्हणालो. तुझी पिशवी आणि पोरीच्या गालावरचा वळ मी बघितला होता. तू देवाचं मोडून कधीच गेली नव्हतीस. जे जिंकलीस ते सगळं तुझं आहे, त्यात मला माफ करण्याचा मोठेपणाही आला, आणि तो मी खोटं सांगून घेतला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते देतो. नाही, मार्था. ते पाप नाही. पोरीला उचल आणि जा.